बाबांनी बसवलेले रंग

“ह्यो आमचा मालक न्हाई, पोरी.” सुंद्राक्कांनी छापलेला फोटो आमच्या स्टुडिओच्या काउंटरवर परत ठेवला. “आमचा मालक जल्मभर डांबराच्या रस्त्यावर राबला. काळा कुळकुळीत हुता. ह्यो कुठला सायेब छापलास?”

घरातला फोटो भिजला, म्हणून वर्षश्राद्धासाठी त्यांना नवऱ्याचा तोच फोटो पुन्हा हवा होता. तो बाबांनीच काढलेला, कॉम्प्युटरमध्ये होता. पण आमचा प्रिंटर आता सगळ्यांनाच गोरं करत होता.

बाबा असताना असं होत नव्हतं. प्रिंटरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये महिनाभर खटपट करून त्यांनी रंग बसवले होते. “आपली माणसं आहेत तशीच आली पाहिजेत,” म्हणायचे. त्या कॉम्प्युटरला मला हातही लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर मी स्टुडिओ उघडला आणि पहिल्याच दिवशी सिस्टीम अपडेट केली. जुनं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेना, म्हणून काढून टाकलं आणि नवं घातलं. तेव्हा किती हुशार वाटलं होतं मला!

तासभर रंग कमी-जास्त केले. कधी चेहरा तांबूस यायचा, कधी राखेसारखा. शेवटी सुंद्राक्काच म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. तुझ्या बापालाच जमायचं ते.”

जाताना त्यांनी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोला हात जोडले. मीही वर पाहिलं. तो फोटो मीच छापला होता, अपडेट केल्यानंतर.

सहा महिने रोज त्याला उदबत्ती लावतेय. माझे काळेसावळे बाबा तिथे गोरेपान झालेत, हे मला एकदाही दिसलं नव्हतं.