जाहिरातीच्या शेवटी

ओली फरशी, जिच्यावरून पाय घसरू शकतो. बॅटरी, जी तापली तर फुटू शकते. सांधेदुखीची गोळी, जिच्यामुळे किडन्या निकामी होऊ शकतात.

असली इशाऱ्याची वाक्यं जाहिरातींच्या शेवटी भरभर इंग्रजीत बोलायची, हा त्याचा धंदा. एका दमात सगळं सांगून मोकळं व्हायचं, पण कोणाच्या काही लक्षात येऊ द्यायचं नाही.

डॉक्टरांनी आईचे रिपोर्ट बाजूला ठेवले. "दोन्ही किडन्या निम्म्या कामातून गेल्यात. या सांधेदुखीच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या?"

"लिहून कोण देतंय? मीच आणल्या," आई म्हणाली.

तो भडकला. "अगं, मला विचारायचंस तरी! काहीही गिळत सुटतेस?"

"तुला काय विचारायचं? तूच तर रोज टीव्हीवर सांगतोस. इंग्रजी नाही कळत मला, पण पोटच्या पोराचा आवाज कळतो की!"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "काय सांगता तुम्ही टीव्हीवर?"

वाक्य त्याला तोंडपाठ होतं. पहिल्यांदाच त्याने ते सावकाश, मराठीत, आईला समजेल असं म्हटलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी कंपनीच्या माणसाने त्याला एकच सूचना केली होती: आवाज घरच्या माणसासारखा ठेवा.