भर उन्हात हीटर

"एसी बंद करतोय. हीटर लावावा लागेल," गाडी चालवणारा नवरा म्हणाला.

मांडीवरचं खोकं तिने घट्ट धरलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? क्रीमचा केक आहे हा!"

इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता. पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"इंजिनची उष्णता हीटरमधून आत येते, तेवढंच इंजिन थंड होतं," तो समजावू लागला. "बंद पडली तर काय केक घेऊन पुलावर बसणार आहेस?"

पंधरा दिवसांपूर्वी ती म्हणाली होती, गॅरेजला दाखवून घे. काल म्हणाली होती, टॅक्सी सांगू या. दोन्ही वेळा उत्तर एकच, "मी आहे ना!" आणि ही तिची पहिली मोठी ऑर्डर होती. एका जोडप्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. हा केक जमला, तर त्याच घरातल्या दोन लग्नांचं काम तिला मिळणार होतं.

त्याने बटण फिरवलं. गरम झोत थेट खोक्यावर आला. काटा खाली उतरू लागला आणि या माणसाचा चेहरा असा काही खुलला, की तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती दार उघडून उतरलीच. समारंभाचा हॉल पुलापलीकडेच होता. खोकं छातीशी धरून ती गाड्यांच्या कडेने चालत सुटली. पूल संपता संपता रांग मोकळी झाली आणि तिचीच गाडी चारही काचा खाली करून तिच्या शेजारून निघून गेली.

"थांबलो तर बंद पडेल गं!" तो आतून ओरडला.

दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे तिला कपाळावर हातही मारता आला नाही.

हॉलच्या दारात उत्सवमूर्ती आजीच उभ्या होत्या. त्यांनीच झाकण उघडलं. लाल क्रीमने तिने लिहिलं होतं, 'पन्नास वर्षं सोबत'. पन्नास वर्षं जागच्या जागी होती. 'सोबत' तेवढं वितळून कडेवरून ओघळलं होतं.

तिला रडूच फुटलं. "आजी, पाच मिनिटं द्या. पुन्हा लिहिते."

तेवढ्यात घामाने निथळत नवरा आला. "बघ, वाचली की नाही गाडी?"

आजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात पेपरात डोकं घालून बसलेल्या आजोबांकडे पाहिलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आहे तेवढं खरं आहे."