शाळेची दुर्बीण

"हिच्यातही डाग आहे," हिंदुराव मास्तर म्हणाले आणि दुसरी दुर्बीणही त्यांनी फळीवर परत ठेवली.

उद्धवरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पिंपरीच्या हमरस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. लष्कराच्या लिलावात मिळेल ते घ्यायचं आणि विकायचं. तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या आणि या खेपेला तीन दुर्बिणी.

"मास्तर, दुर्बीण घेताय का पोरीला स्थळ बघताय?"

सोपानराव खो खो हसले. पिंपळे सौदागरच्या शाळा कमिटीचे ते म्हातारे सभासद, मास्तरांना स्वतःच्या छकड्यातून घेऊन आले होते. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी जन्मात कधी दुर्बीण हाताळली नव्हती. काचेला बुरशी धरते, तेवढी जपून बघा, असं एका मासिकात वाचलं होतं, त्या एका वाक्यावर सगळी मदार. निवड चुकली तर गाव पुन्हा कशाला ऐकेल?

गाव ऐकायला लागलं ते महिन्यापूर्वीच्या सूर्यग्रहणापासून. कार्तिकातली अमावास्या, भर दुपारचं ग्रहण. घराघरांची दारं बंद, पाण्यावर तुळशीपत्रं, आणि इकडे मास्तर सदतीस पोरं अंगणात उभी करून कंदिलावर काजळी धरलेल्या काचांतून सूर्य दाखवत होते. बायकांनी बोटं मोडली. सोपानराव तेवढे पाठीशी उभे राहिले, आपली नात इंदी त्यांनी स्वतः आणून सोडली. कुणाला ताप आला नाही, कुणी आंधळं झालं नाही. मग काय, तोंडं आपोआप मिटली आणि कमिटीनं दुर्बिणीला होकार दिला.

तिसरी दुर्बीण जाड, पितळी नळीची होती. मास्तर शेडबाहेर आले. पौषातली अष्टमी, चार वाजले होते, भोसरीच्या अंगाला अर्धा चंद्र फिकट वर आला होता. त्यांनी डावा डोळा मिटला, उजवा लावला, नळी मागंपुढं केली. कडा नीट दिसली. मधोमध मात्र तोच करडा ठिपका. नळी हलवली तर ठिपका चंद्रावरून सरकून माळावर आला. जिथं बघावं तिथं तो हजर.

"तिन्ही बाद," मास्तर वैतागून म्हणाले. "सगळ्या काचा गेल्यात हो."

"आणा हिकडं," म्हणत सोपानरावांनी ती ओढूनच घेतली. जरा वेळानं त्यांच्या बोळक्या तोंडातून शब्द फुटला. "आयला! खड्डं हायत की वो त्याला! डाग कुटं हाय? चकाचक हाय समदं."

मास्तरांनी दुर्बीण परत घेतली. या वेळी, का कोण जाणे, डावा डोळा लावला. चंद्र लख्ख. पुन्हा उजवा. ठिपका.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. डावा डोळा तळव्यानं झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला गेले. पहिलं अक्षर दिसलं, शेवटचं दिसलं. मधली अक्षरं कुणी बोटानं पुसल्यासारखी गेली होती.

त्यांना ग्रहणाची दुपार आठवली.

त्या दिवशी काजळी फार दाट बसली होती. पोरं म्हणायला लागली, गुरुजी, काहीच दिसत नाही. तेव्हा मास्तरांनीच धोतराच्या सोग्यानं ती पुसून पातळ केली होती. मग सूर्य कसा छान दिसायला लागला! प्रत्येकाला त्यांनी घाईनं दाखवलं आणि पुढं दीड तास एक काच उजव्या डोळ्याशी धरून स्वतः बसले. उजवाच. डावा मिटून.

माझा गेला तर गेला, ते मनात म्हणाले. एक डोळा आहे की अजून. पोरांनी क्षणभरच बघितलं. तेवढ्यानं काही होत नाही. होत नसावं. ते स्वतःला समजावत राहिले.

"काय झालं वो, मास्तर?"

"काही नाही. डाग... डाग माझ्याच डोळ्यात आहे, सोपानराव."

"आत्ता गं बया!" सोपानराव पुन्हा हसले. "आमची इंदी बी ह्येच गाऱ्हानं सांगती. फळ्यावर डाग हाय म्हन्ती. मधलं अक्षार दिसत न्हाई म्हन्ती. परवा तिच्या बापानं दोन ठिवून दिल्या, साळंचा कटाळा आला म्हून नाटकं करती."

मास्तर एकदम त्यांच्याकडे वळले. "कधीपासनं सांगतेय?"

"झाला की म्हैना. तुमी नगा काळजी करू. लई गुनाची पोर हाय ती, गिरानाच्या दिशी हातातली काच सोडाय तयार नव्हती. पार तुमच्या शेजारी बसून दोन्ही डोळं लावून बघत व्हती."

मास्तर शेडच्या पायरीवर बसले. सांगायला हवं होतं. आत्ता, इथंच. पण ते धोतराच्या सोग्यानं दुर्बिणीची काच पुसत राहिले.

उद्धवराव आतून सुतळी घेऊन आले. "बोला, कोणती बांधू?"

"मास्तर सांगतील ती बांदा," सोपानराव म्हणाले आणि मास्तरांच्या खांद्यावर त्यांनी मायेनं हात ठेवला. "आमाला अडान्यांना काय कळतंय त्यातलं? मास्तर म्हन्तील तिथं आमी डोळा लावतो."