शिंपल्यावरच्या रेघा

"हनीफभाईचा ठेका आजच मोडा!" सुदर्शन तळ्याच्या बांधावरून ओरडला. त्याच्या पाणी ओढायच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, पाइपाच्या तोंडाची झडप, पायाशी पडला होता, शिंपल्यांनी गच्च भरलेला. "पाच वर्षं ह्यो कुठलं कुठलं माशाचं बीज आणून सोडतोय. त्यातनंच ही पीडा आली. आमच्या बापजाद्यांनी या तळ्यात शिंपला बघितला न्हाई."

बोरीच्या या तळ्यातल्या मासळीवरच महंमद हनीफचं घर चालत होतं. तो मान खाली घालून बसला होता.

निवाड्याला रामनाथ गुरुजींना बोलावलं होतं. गुरुजी मूळचे कोकणातले. पण इथल्याच शाळेतून निवृत्त झाले आणि इथंच राहिले. त्यांचा शब्द गाव खाली पडू देत नसे.

सुदर्शनने एक जिवंत शिंपला त्यांच्या हातावर ठेवला. गुरुजींनी तो उलटसुलट पाहिला आणि सवयीने परत दिला. "बघून झालं की पाण्यात सोडावा, बाबा. जीव आहे तो."

"गुरुजी, तेच तर काढायचेत!" बांधावर हशा पिकला.

गुरुजी हसले नाहीत. "सगळ्यात जुना, मोठा बघून आणा."

"राहू द्या, गुरुजी," हनीफ हळूच म्हणाला. "ठेका गेला तर जाऊ द्या. बेल्ह्याच्या बाजारात काहीबी करीन मी."

"चूक नसलेल्या माणसानं असं बोलू नये."

तळहाताएवढा शिंपला आला. गुरुजींनी तो सुदर्शनपुढे धरला. "या जाड रेघा दिसतात? वर्षातून एकदा याची वाढ थांबते, तेव्हा एक रेघ उमटते. मोज."

वर्गात उभं केल्यासारखा सुदर्शन मोजू लागला. आवाज उतरत गेला. "...अकरा... बारा."

"आणि हनीफचा ठेका?"

"पाच वर्षं."

सुदर्शनने फूटव्हॉल्व्ह खांद्यावर घेतला. "चुकलं, भाई," एवढंच बोलून तो निघाला. माणसं पांगली.

हनीफ मात्र जागचा हलला नाही. गुरुजींना राग आला. "तुझी चूक नाही हे तुला ठाऊक होतं, तर गप्प का बसलास? कुणाला वाचवत होतास?"

हनीफने तो मोठा शिंपला उचलून रुमालात गुंडाळला.

"बारा वर्सं झाली, गुरुजी. आमची सानिया तवा चौथीत व्हती. तुमी दिवाळीच्या सुट्टीवरनं आला व्हता. पोरगी लई खुशीत घरी आली. म्हणाली, गुरुजींनी गावाकडच्या नदीतनं बादलीभर जित्ते शिंपले आणले, वर्गात दावले, आन मग आमच्या हातानं एकेक तळ्यात सोडायला लावला."