कॅप्टन हॅल्डनचा डावा कान

“साठीचा?” डोरीनने कप बशीत आदळला. “छे! कॅप्टन हॅल्डन म्हातारा व्हायचा नाही. क्लिफर्डने घडवला तसाच राहील.”

समोर बसलेली इमोजेन चित्रपट कंपनीकडून आली होती. पन्नास वर्षांपूर्वी स्लाउ गावातल्या एका शेडमध्ये चित्रित झालेली बाहुल्यांची अंतराळमालिका आता मोठ्या पडद्यावर आणायची होती, खरे नट घेऊन. नायकाचा, हॅल्डनचा, चेहरा डोरीनच्या नवऱ्याने, क्लिफर्डने घडवलेला. तो वापरायला तिची सही हवी होती.

“पण मिसेस ॲस्क्यू, तुमच्या पिढीबरोबर तोही वयाने वाढलेला लोकांना आवडेल.”

“माझी पिढी कुठली येतेय तिकीट काढून! निम्मी पुरलीय, पोरी.”

डोरीनने स्वतः तीन वर्षं त्या बाहुलीच्या तारा हलवल्या होत्या. सेटवरच्या उंच पुलावरून तिला दिसायचा तो फक्त हॅल्डनचा भांग. चेहरा समोरून बघायची वेळ क्वचित यायची, आणि आली की ती नजर वळवायची. का, ते तिला कधी कळलं नाही. क्लिफर्ड गेल्यावर तिने बाहुली चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली. तरी त्या खोलीत झाडू मारताना ती कपाटाकडे पाठ करत नसे.

इमोजेनने हळूच एक फाइल पुढे सरकवली. “स्टुडिओच्या अडगळीत सापडली. हॅल्डनची कच्ची चित्रं, मिस्टर ॲस्क्यूंच्या हातची. गंमत म्हणजे प्रत्येकात वय वेगळं आहे.”

पहिल्या कागदावर तिशीतला हॅल्डन होता. मग पंचविशीतला. मग मुरुमं आलेला अठरा वर्षांचा. बारा. आठ. शेवटच्या कागदावर चार वर्षांचा मुलगा होता. पुढचा दात तुटलेला, डावा कान बाहेर आलेला.

रॉबिन.

त्यांचा मुलगा. अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीत मेंदूज्वराने तीन दिवसांत गेला. दफनाहून परतल्यावर क्लिफर्डने त्याचे बूट, त्याची खाट, सगळं घराबाहेर काढलं. मरेपर्यंत त्याने पोराचं नाव घेतलं नाही. त्या गप्पपणाची अढी डोरीनच्या मनातून कधीच गेली नव्हती. पुढे दिग्दर्शकाने हॅल्डनचा बाहेर आलेला डावा कान तेवढा सरळ करायला सांगितला, तेव्हा कधी आवाज न चढवणारा क्लिफर्ड नोकरी सोडायला निघाला होता. कानासाठी! ती तेव्हा हसली होती.

डोरीन उठली. आतून बाहुली घेऊन आली. चादर उलगडून तिने हॅल्डनला मांडीवर घेतलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तीन वर्षं ती त्याला चालवत होती. दार उघडायला, जिना उतरायला, मागे वळून बघायला तिनेच शिकवलं होतं.



“नको असेल तर वयाचं राहू दे,” इमोजेन घाबरून म्हणाली. “आम्ही त्याला तिशीतलाच ठेवू.”

डोरीनने बोटांवर वर्षं मोजली. मग कागद ओढून सही केली.

“साठ नाही, एकसष्ट,” ती म्हणाली. “आणि टक्कल दाखवू नका त्याला. बापाचे केस शेवटपर्यंत दाट होते.”