पितळेची फिरकी

जानूने पंचाची गाठ सोडली आणि आतलं वीतभर पितळी इंजिन बळवंत सोनाराच्या गादीवर ठेवलं.

"सालवडवरून मांडीवर घेऊन आलोय," तो म्हणाला. "बायकोचा, जमनाचा लोटा गेला हे बनवण्यात. अजून बोलत नाय माझ्याशी."

जानू रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. त्याच्या लेकीची नथ बळवंतनेच घडवली होती. पण जानेवारीत सरकारचा हुकूम निघाला, चौदा कॅरटच्या वरचं सोनं घडवायचं नाही, आणि तेव्हापासून पालघरच्या या दुकानाची पायरी कुणी फारसं चढलं नव्हतं. इतक्या दिवसांनी गिऱ्हाईक आलं, तेही पितळ घेऊन.

"पितळेचं काम मी करत नाही, जानूदादा. तांबटाकडे जा."

"जाऊन आलो. तो म्हणतो, एवढं बारीक मला दिसत पण नाय."

बळवंतने नको नको म्हणत इंजिन हातात घेतलं. बोटाने चाक फिरवलं तसा आतला दट्ट्या नळीतून खरखरत सरकला.

"हेच दुखणं," जानू म्हणाला. "थोडं चालतं, मग आत कोरडं पडून आवळतं. मोठ्या इंजिनाला तेलाची डबी असते, वाफेच्या नळीवर बसवलेली. तशी हवी. चिंचोक्याएवढी."

"तेल नळीत जाणार कसं?"

"वाफच नेते. बारीक भोकातून डबीत शिरते, गार होते, पाणी होऊन तळाला बसते. तुमी काचेच्या दिव्यात खाली पाणी न् वर तेल ठेवता ना, तसंच. पाणी वाढलं की तेल वर उचलतं न् त्याच भोकातून थोडंथोडं नळीत जातं."

बळवंतने नळीची जाडी चिमटीत मापली. मग आत वळून म्हणाला, "शालू, शेगडी पेटव."

शालू दारात आली. पितळ पाहिलं, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता कोळसे आणायला गेली.

पितळेचा पत्रा सोन्यासारखा ऐकत नाही. पहिला वळवताना चिरला. दुसरा बळवंतने तापवून, निववून, लहान मुलाची समजूत घालावी तसा वळवला. तळ बसवला, नळीकडच्या बाजूला भोक पाडलं, फुंकणीने जाळ धरून सांध्याला चांदीची झाळ देऊन तो जोडला. झाकण कुड्यांच्या फिरकीसारखं आट्यांचं केलं. डबी नळीवर बसली, तेव्हा जानूने खिशातल्या बाटलीतून काळं दाट तेल आत सोडलं आणि इंजिनाखाली स्पिरिटचा दिवा लावला.

वाफ धरली तसं चाक गरगरलं. दुसऱ्याच क्षणी धुराड्यातून तेलाची पिचकारी उडाली ती थेट बळवंतच्या सदऱ्यावर. डबी रिकामी झाली, इंजिन खरखरलं आणि थांबलं.

"भोक मोठं पडलं," जानू हळूच म्हणाला.

"दिसतंय मला," बळवंत चिडून म्हणाला. चिडला, आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं. किती महिन्यांत कामावरून चिडला नव्हता तो.

त्याने दिवा विझवला, डबी उतरवली, भोक चांदीने बुजवलं. मग पेटी उघडून मोत्यांना भोकं पाडायचा सामता काढला. त्याच्या टोकापुढे सुई जाड दिसली असती. श्वास धरून तो दोरी ओढू लागला. जानू आणि शालू दोघंही नकळत श्वास धरून बसली.

या वेळी इंजिन चालू लागलं ते चालतच राहिलं. खरखर नाही, आवळणं नाही, नुसती एक लयीतली सुसू. शालू हसून म्हणाली, "अहो, घोरतंय की हे." जानूने धुराड्यावर बोट फिरवून पुढे धरलं. बोटावर तेलाचा पुसट थर होता, पापणीवरच्या काजळाइतका.

"पोचलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दिव्यातलं स्पिरिट संपलं, चाक हळूहळू थांबलं. जानू इंजिन पंचात गुंडाळू लागला.

"ते झाकण जरा काढा," बळवंत म्हणाला.

"का? काय चुकलं?"

बळवंतने स्वतःच झाकणाची फिरकी सोडवून घेतली. त्याने खणात चाचपून एक बोटभर पोलादी खिळा काढला, धोतराला पुसला, फिरकी ऐरणीवर उलटी ठेवली आणि खिळ्यावर हातोडीचा एकच ठोका घातला.

जानूने फिरकी डोळ्यांजवळ नेली. आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जायची नाही तिथे, एक बारीक 'ब' उमटला होता.

"शेट, हा तर तुमचा सोन्यावरचा ठसा."

"हो," बळवंत म्हणाला. "तोच."