एकशे आठवी हालचाल

"मावशी, या मांड्यांत एकशे सात हालचाली आधीच भरलेल्या असतात. उकिडवं बसणं त्यात नाही," इंजिनिअर म्हणाला.

बोटीच्या अपघातात सुंद्रा तांडेलच्या मांड्यांचे स्नायू निकामी झाले होते. प्रयोगशाळेत वाढवलेले नवे स्नायू बसवल्यावर ती चालत होती, जिनेही चढत होती. पण खाडीत शिंपल्या वेचायला खाली बसू लागली, की पाय अर्ध्यावरच ताठ व्हायचे.

"स्टुलावर बसा ना."

"चिखलात स्टूल रुततं, बाबा. ही यादी करणाऱ्यांनी कधी खाली बसून काम केलंय का?"

सुंद्राने पदर खोचला आणि इंजिनिअरसमोरच फरशीवर बसू लागली. मांड्या ताठरल्या. स्नायूंवर लक्ष ठेवणारं कमरेचं यंत्र "चूक, चूक" असं ओरडू लागलं. ती उभी राहिली आणि पुन्हा बसू लागली. मग पुन्हा.

"अहो, स्नायू फाटतील!"

"फाटू देत. माझे आहेत."

सातव्या खेपेला मांड्या थरथरल्या आणि सैल पडल्या. दोन्ही टाचा फरशीला टेकवून ती ऐसपैस उकिडवी बसली. यंत्र ओरडतच होतं.

"त्याला गप्प कर," ती खालूनच म्हणाली. "मांड्यांना कळलंय."